घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार जोडताना

किट घरी आलं की बहुतेकांचं लक्ष आधी रंगाकडे जातं. कोरी बॉडी समोर असते आणि कोणता रंग द्यायचा हे महिनाभर आधीच मनात ठरलेलं असतं. नव्याने हे काम करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की रंगाचा डबा सध्या कपाटातच राहू द्या. आधी गिटार कोऱ्या लाकडातच पूर्ण जोडा. तारा चढवा, वाजवा, जिथे अडतंय तिथे सुधारा. ती नीट वाजायला लागली की सगळी उकला, रंगवा आणि परत जोडा. काम दुप्पट वाटेल, पण स्वस्त किटमध्ये हमखास काहीतरी बसत नाही. कुठे खाच अरुंद असते, कुठे भोक मिलिमीटरभर सरकलेलं असतं. कोऱ्या लाकडावर हे चटकन निस्तरता येतं. रंग चढल्यावर तेच करायला गेलात की पापुद्रे उडतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

कोणतं किट घ्यावं

पहिल्या खेपेला टेलिकास्टर पद्धतीचं किट घ्या. यामागे कारण आहे. ही गिटार ज्याने घडवली तो लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवायचा. स्वतः तो गिटार वाजवत नसे. १९५० साली आलेल्या या गिटारचं आधीचं नाव ब्रॉडकास्टर होतं. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच असल्याने ते बदलावं लागलं आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर झाली. तिच्या रचनेत दुरुस्ती करणाऱ्याचा विचार जागोजागी दिसतो. बॉडी म्हणजे सपाट फळी, नेक (म्हणजे लांब दांडी) चार स्क्रूंनी बसवलेला, सगळं वायरिंग एका लांबट पत्र्याखाली. काही बिघडलं तर तेवढा भाग काढा आणि नवा लावा. घरी जोडणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

लेस पॉल पद्धतीच्या किटचा मोह टाळा. त्यात नेक सरसाने कायमचा चिकटवायचा असतो, तोही ठरावीक कोनात. एकदा सरस वाळला की सुधारायला वाव नाही. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीचं किट तेवढं अवघड नाही, पण ट्रेमोलोच्या, म्हणजे सूर हलवणाऱ्या दांडीच्या, स्प्रिंगा आणि तीन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारी चुंबकी गुंडाळी, यांनी पहिल्या वेळी डोकं उठतं.

किट घेण्याआधी वर्णनात दोन गोष्टी बघा. नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमीजास्त करणारी लोखंडी सळी, आहे ना? आणि हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या खुंट्या बसवायच्या टोकाला, आकार दिलेला आहे की तो नुसताच पसरट आहे? पसरट असेल तर करवतीने आकार तुम्हालाच द्यायचा आहे. तो स्वतःच्या मनाने काढा, मोठ्या कंपन्यांचे हेडस्टॉकचे आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेले असतात. खुंट्यांच्या भोकांभोवती पुरेसं लाकूड राखा आणि नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिच्या) लगतचा भाग अजिबात कापू नका, कारण ट्रस रॉडचं तोंड बऱ्याच नेकमध्ये तिथेच असतं.

हत्यारं

घरातलं ड्रिल, फुलीचे दोन मापांचे स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, गुण्या, बारीक कानस, मास्किंग टेप, आणि १२० पासून ४०० नंबरपर्यंतचा काचपेपर. ड्रिलचे बिट दीड, दोन, तीन आणि साडेचार मिमीचे. तारांखालचं अंतर मोजायला फीलर गेज लागतो. तो गिटारच्या दुकानात शोधू नका, मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात टॅपेट लावायचा म्हणून मागा. सोल्डरिंगसाठी निदान ४० वॅटचा आयर्न, रोझिन असलेली सोल्डर वायर आणि साधा मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे हे सगळं एका फेरीत होतं.

टेबलावर जाड सतरंजी किंवा घोंगडी अंथरा. स्वस्त किटच्या बॉडी बहुधा बासवुड, पॉप्लर किंवा पौलोनियाच्या असतात. ही लाकडं इतकी मऊ की नखाचीसुद्धा खूण उमटते.

पेटी उघडल्यावर

सगळे स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत काढा. नेक बंदुकीसारखा डोळ्याशी धरून हेडस्टॉककडून बॉडीच्या दिशेने बघा. थोडा बाक चालतो, पीळ चालत नाही. पिळलेला नेक दिसला तर पुढे जाऊ नका, तो परत करा. मग नटच्या पुढच्या कडेपासून १२व्या फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, मध्यापर्यंतचं अंतर मोजा. टेलिकास्टरच्या तारेची वाजती लांबी ६४८ मिमी असते, म्हणून इथे ३२४ मिमी यायला हवं. दोन्ही पिकअपच्या वायरींना मल्टिमीटर लावा. साधारण ५ ते ८ किलोओहम दिसलं तर गुंडाळी शाबूत आहे. काहीच दिसत नसेल तर आतली तार तुटली आहे. तक्रार करायची ती आत्ताच, कारण एकदा सोल्डर केलं की विकणारा वस्तू परत घेत नाही.

नेक आणि ब्रिज

गिटार चांगली वाजणार की नाही हे मुख्यतः इथेच ठरतं. पिकअप पुढेमागे बदलता येतात, खुंट्या बदलता येतात, पण नेक वाकडा बसला तर महागातले पार्ट लावूनही बाहेरची तार फ्रेटबोर्डवरून (फ्रेट बसवलेल्या फळीवरून) घसरत राहते. म्हणून इथे घाई नको.

नेकची टाच बॉडीतल्या खाचेत हाताने सरकवा. टाच सुमारे ५६ मिमी रुंद असते आणि ती खाचेत जरा घट्ट बसायला हवी. हातोडी वापरू नका, खाचेच्या टोकाचं लाकूड चिरतं. अडत असेल तर टाचेच्या कडांवर पेन्सिल घासा, नेक आत ढकलून बाहेर काढा आणि खाचेत कुठे काळं लागलं ते बघा. नेमकं तेवढंच, सपाट पट्टीला गुंडाळलेल्या १८० नंबरच्या काचपेपरने घासा. टाचेला हात लावायचा नाही, खाच घासायची. याउलट दोन्ही बाजूंना कागदभर फट राहिली तर काळजी करू नका, स्क्रू आवळल्यावर नेक हलत नाही.

आता ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, त्याच्या जागी टेपने चिकटवा. कडेच्या दोन खुंट्या तात्पुरत्या बसवा, त्यांना जाड दोरा बांधा, नटच्या बाहेरच्या खाचांतून घेऊन ब्रिजच्या बाहेरच्या दोन सॅडलवरून (तार ज्यावर टेकते त्या सरकत्या तुकड्यांवरून) ताणा आणि मागे टेप लावा. वरून सरळ बघा. शेवटच्या फ्रेटपाशी दोऱ्यापासून फ्रेटबोर्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं दिसायला हवं. एका बाजूला चार मिमी आणि दुसऱ्या बाजूला दोन, असं दिसलं तर नेक खाचेत किंचित वळवा. ब्रिजची भोकं आधीच पाडलेली नसतील तर तोही सरकवता येतो. दोरा जुळेपर्यंत ड्रिल पिशवीतच राहू द्या.

लांबीही याच वेळी तपासा. १२व्या फ्रेटपासून बारीक ई तारेच्या सॅडलपर्यंत परत ३२४ मिमी आणि वर एखाद मिमी. जाड ईचं सॅडल त्याच्याही दोन-तीन मिमी मागे जातं. प्रत्येक सॅडलला पुढेमागे सरकायला जागा उरते आहे ना, ते बघून मगच ब्रिजच्या भोकांच्या खुणा करा.

नेकच्या स्क्रूंबाबत एक बारकावा आहे. किटसोबतच्या कागदावर तो क्वचितच लिहिलेला असतो. बॉडीच्या भोकांतून स्क्रू सैल, नुसत्या बोटाने ढकलला तरी आरपार जायला हवा. त्याचे आटे फक्त नेकच्या लाकडात धरले पाहिजेत. बॉडीतही आटे धरले तर स्क्रू कितीही आवळा, नेक आणि बॉडीमध्ये केसाएवढी फट राहतेच आणि सांधा कच्चा राहतो. तेव्हा बॉडीची भोकं साडेचार मिमीने मोकळी करून घ्या. नेक दोऱ्याप्रमाणे बसवून क्लॅम्प लावा, मागून भोकांमधून तोच बिट हाताने फिरवून नेकवर खुणा करा, नेक बाहेर काढा आणि तीन मिमीच्या बिटने सरळ भोकं पाडा. सरळपणासाठी शेजारी गुण्या उभा धरा. खोली आधी ठरवून बिटला टेप गुंडाळा. स्क्रू बॉडीच्या मागच्या बाजूच्या नेकच्या पत्र्यासह बॉडीतून घालून खाचेत किती वर येतो ते मोजलं की खोली कळते. हे चुकलं तर बिट थेट फ्रेटबोर्डमधून वर येतो.

स्क्रूला मेणबत्तीचं मेण किंवा कोरडा साबण लावा आणि हातानेच पिळा. मेपलचं लाकूड कठीण असतं, मेण नसेल तर स्क्रूचं डोकं तुटून धड आत अडकतं. खुंट्यांचे इवलेसे स्क्रू तर हमखास तुटतात, त्यांना दीड मिमीचं भोक आधी पाडाच.

वायरिंग

बऱ्याच किटमध्ये वायरी आधीच जोडून दिलेल्या असतात. तरी एकदा समजून घ्या, कारण काही बिघडलं तर उघडायचं तुम्हालाच आहे. प्रत्येक पिकअपमधून दोन वायरी येतात, एक सिग्नलची आणि एक ग्राउंडची. सिग्नलच्या वायरी तीन जागांच्या स्विचला जातात. मागच्या जागी ब्रिजचा पिकअप, मधल्या जागी दोन्ही, पुढच्या जागी नेकचा. स्विचमधून निघालेली वायर व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटणाखालच्या फिरत्या भागाच्या) कडेच्या पायाला, त्याच्या मधल्या पायापासून जॅकच्या टोकाला, आणि उरलेला पाय पॉटच्या पाठीवर ग्राउंडला. टोनचा पॉट एका कपॅसिटरमार्फत उंच सूर ग्राउंडला सोडून देतो. दोन्ही पॉट सहसा २५० किलोओहमचे, कपॅसिटर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. सगळ्या ग्राउंडच्या वायरी पॉटच्या पाठीवर एकत्र येतात.

त्यात एक वायर फार सहज विसरली जाते. पॉटच्या पाठीवरून निघून बॉडीतल्या बारीक भोकातून ब्रिजच्या पत्र्याखाली येणारी ही वायर. तिचं टोक इंचभर सोलून, आतल्या बारीक तारा पसरवून पत्र्याखाली दाबायचं. ती नसेल तर गिटार सतत गुणगुणत राहते. ब्रिज पक्का आवळल्यावर मल्टिमीटरने ब्रिज आणि जॅकचा बाहेरचा पत्रा यांच्यात सलगता तपासा.

पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही ही सर्वांची तक्रार असते. तो पत्रा उष्णता पसरवतो आणि त्यावर गुळगुळीत मुलामा असतो. आधी तिथे काचपेपरने नखाएवढी जागा खरवडा. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसून त्याला थोडं सोल्डर लावा, मग टोक त्या जागेवर आडवं टेकवून तीन-चार सेकंद थांबा आणि सोल्डर वायर आयर्नला नाही तर पत्र्याला लावा. पत्रा तापला असेल तर सोल्डर पाण्यासारखं पसरतं आणि चकचकीत दिसतं. गोळा होऊन बसलं, मळकट दिसलं, तर तो सांधा कच्चा आहे, परत तापवा. मात्र आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ आयर्न टेकवू नका, पॉट आतून जळतो. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा, सोल्डरमध्ये शिसं असतं.

तारा चढवण्याआधीच गिटार ॲम्पला जोडून बघा. आवाज कमी ठेवून स्क्रूड्रायव्हरचं टोक पिकअपवर हलकेच टेकवा, टक असा आवाज यायला हवा. स्विच तिन्ही जागी फिरवून खात्री करा. ब्रिजला बोट लावल्यावर गुणगुण कमी झाली तर सगळं बरोबर. बोट लावल्यावर वाढली तर बहुधा जॅकच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत.

इथे सुरक्षिततेचं सांगायलाच हवं. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत ॲम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात. आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांत सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची वायर पोचलेलीच नसते. अशा वेळी ॲम्पमध्ये गळती झाली तर करंट थेट तुमच्या बोटांत येतो. वायरमनला बोलावून ते सॉकेट तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची मधली मोठी पिन काढून तो कधीही वापरू नका.

पहिल्या तारा आणि सेटअप

पहिल्यांदा ९-४२ किंवा १०-४६ मापाच्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा लावा. १०-४६ च्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४६ किलो होतो, त्यामुळे नेकला सरावायला वेळ द्या. सुरात लावून रात्रभर ठेवा, सकाळी परत सुरात लावा, मग मापं घ्या.

आधी नेकचा बाक. जाड ई पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांत फीलर गेज घाला. ०.२ ते ०.२५ मिमी हवं. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट फिरवायचा. एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही, आणि दर वेळी परत सुरात लावून मोजायचं. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर तिथेच थांबा.

मग तारांची उंची. १२व्या फ्रेटपाशी जाड ई दोन मिमी आणि बारीक ई दीड मिमीच्या थोडी वर, ही सुरुवातीला चांगली मापं. सॅडल तळाला टेकली तरी तारा उंचच राहत असतील तर नेक काढून खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला व्हिजिटिंग कार्डाची पट्टी ठेवा. नेक किंचित मागे कलतो आणि तारा खाली येतात. एखाद्या ठिकाणीच तार खरखरत असेल तर तिथले तीन फ्रेट स्टीलच्या पट्टीच्या छोट्या सरळ कडेने तपासा. पट्टी डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. तो नीट बसला नसेल तर प्लॅस्टिकच्या हातोडीने हलके ठोका.

नटकडे नवखे बघतच नाहीत, आणि किटमध्ये सगळ्यात जास्त कच्चं काम तिथेच असतं. खाचा जवळजवळ नेहमी उथळ असतात. त्यामुळे ट्यूनर सगळं बरोबर दाखवतो आणि तरी पहिल्या फ्रेटजवळचा एफ कॉर्ड बेसूर वाजतो. वाजवणारा बिचारा स्वतःच्या बोटांना दोष देतो. तपासायचं असं: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर खाच खोल करा. नटच्या खास कानशी महाग असतात, पण गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरबरीत सुयांचा जुडगा हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि प्लॅस्टिकच्या नटला पुरतो. दोन-तीन वेळा घासा, तार बसवा, बघा, परत घासा. खाचेचा उतार हेडस्टॉककडे असू द्या, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरूनच सुटते. उतार उलटा झाला की मोकळी तार झणझणते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जी जवारी, म्हणजे झणझणता नाद, इतक्या कष्टाने काढतात, तीच गिटारच्या नटवर दोष ठरते.

शेवटी सॅडल पुढेमागे करून सूर जुळवायचा. मोकळी तार सुरात लावा, मग १२व्या फ्रेटवर दाबून वाजवा. सूर चढा आला तर सॅडल मागे घ्या, उतरा आला तर पुढे. दर वेळी मोकळी तार पुन्हा सुरात लावूनच तपासा. पिकअप तारांच्या फार जवळ असतील तर चुंबक तारांना ओढतो आणि सूर डळमळतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपासून दोन ते अडीच मिमी अंतर ठेवा.

आता रंग

एवढं झालं की दोन-चार दिवस तशीच कोरी गिटार वाजवा, मग उकला. बॉडी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासा, १२० पासून सुरू करून ३२० पर्यंत. ओल्या फडक्याने पुसलं की तंतू उभे राहतात, वाळल्यावर ते पुन्हा ३२० ने घासून काढा. बासवुडवर लाकडी रंगछटा डाग-डाग धरते, म्हणून त्यावर सरळ अपारदर्शक रंगच शोभतो. खाचेत आणि टाचेवर रंग जाऊ देऊ नका, आधी मास्किंग टेप लावा.

मला स्वतःला चपडीचं, म्हणजे लाखेच्या पापुद्र्यांचं, पॉलिश आवडतं. १०० ग्रॅम चपडी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा आणि मलमलीतून गाळा. कापसाचा बोळा सुती कापडात बांधून पातळ हात द्या, अर्ध्या तासाने पुढचा. दहा-बारा हातांनंतर लाकूड आतून उजळतं. मिश्रण ताजंच वापरा, जुनं झालेलं चिकट राहतं. पावसाळ्यात मात्र हे काम करू नका, हवेतल्या दमटपणाने पॉलिशवर पांढुरका थर येतो. मुंबई-कोकणात नोव्हेंबर ते मार्च हे दिवस सगळ्यात चांगले. टिकाऊपणा हवा असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) उत्तम, पण दोन भाग मिसळायचा पीयू घरात फवारू नका. त्याच्या वाफा घातक असतात, तो पॉलिशवाल्याकडून करून घ्या. जवसाचं तेल वापरणार असाल तर भिजलेली फडकी चुरगाळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा, मगच टाका.

कोऱ्या मेपलच्या नेकलाही पाठीमागून पॉलिशचे चार-पाच पातळ हात हवेतच, नाहीतर तो घाम आणि दमटपणा शोषतो. रोझवूडच्या फ्रेटबोर्डला पॉलिश लावायचं नाही.

परत जोडताना नेकचे स्क्रू हाताने उलटे फिरवून आधीच्या आट्यांत बसल्याची टक जाणवली की मगच आवळा. मापं सगळी परत घ्या. पावसाळा सुरू झाला की नेकचा बाक पुन्हा बदलेल, हिवाळ्यात लाकूड आकसून फ्रेटची टोकं बोटाला टोचतील. तेव्हा ॲलन की, फीलर गेज आणि बारीक कानस गिटारच्या पिशवीच्या खिशातच ठेवा.